पाचवीच्या वार्षिक परीक्षेचा फॉर्म कुठं भरायचा?

कुठंच नाही. फॉर्म असतो तो शिष्यवृत्ती परीक्षेला आणि नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेला, त्यामुळं पालकांचा गोंधळ होतोय. वार्षिक परीक्षेला मात्र पाचवीत नाव असलेलं प्रत्येक पोरगं बसतंच, फी पण नाही, कुणी फॉर्म भरून देतो म्हणून पैसे मागितले तर सरळ उठून या.

आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) कलम 16 मध्ये 2019 ला बदल झाला, 2023 ला महाराष्ट्रानं नियम काढला, आणि पाचवी-आठवीची ढकलगाडी, म्हणजे नापास न करता पुढच्या वर्गात ढकलणं, थांबली. पाचवीला विषयाला 50 मार्क, 10 तोंडी-प्रात्यक्षिक, 40 लेखी, पासिंगला 18. कमी पडले तर जादा शिकवून जूनमध्ये पुनर्परीक्षा, तिथंही राहिलं तर पोरगं परत पाचवीत. शाळेतून काढता येत नाही हं, ते लक्षात ठेवा.

कागदांचं म्हणाल तर आधारवरचं आणि शाळेच्या रजिस्टरमधलं नाव, जन्मतारीख जुळतीय का ते आत्ताच बघा. दिव्यांग मूल असेल तर प्रमाणपत्र मुख्याध्यापकांकडं लवकर द्या, जादा वेळ, लेखनिक हे ऐनवेळी जमत नाही. जत, माणकडून ऊसतोडीला जाणाऱ्यांनी निघायच्या आधी शाळेतनं शिक्षण हमी कार्ड घ्यायचं, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत पोरगं बसवता येतं. दाखला यायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा झेडपीची शाळा प्रवेश अडवू शकत नाही, तसं कायद्यातच आहे. पण मधे शाळा सुटलेल्या पोराला वयानुसार थेट सहावी-सातवीत घालायचं असेल तर आधी पाचवीची परीक्षा पास व्हावी लागते.

आता तयारी. पेपर शाळेतच निघतो, त्यामुळं जाडजूड गाइड घेऊन काय उपयोग मला तरी कळत नाही. त्यापेक्षा पायाभूत चाचणी (वर्षाच्या सुरुवातीची) आणि संकलित 1 (पहिल्या सत्राची परीक्षा) यांचे तपासलेले पेपर गुरुजींकडं बसून बघा. किती मार्क पडले हे सोडा, कुठं चुकलं ते बघा, म्हणजे गणितात उदाहरणच कळलं नाही का कळलं पण वजाबाकी चुकली, कारण पहिल्याला वाचन कमी पडतंय आणि दुसऱ्याला सराव, दोन्हीला तीच ट्यूशन लावून काय होणार? भाषेत उतारा मोठ्यानं वाचून घ्या आणि त्यालाच त्यावर प्रश्न काढायला सांगा. तोंडीचे 10 मार्क लाजून घालवणारी पोरं पण खूप असतात, घरी बोलतं करा.

आणि एखाद्या विषयात 18 च्या खाली असेल तर पुनर्परीक्षेची तारीख विचारूनच मामाच्या गावाला जा.