दंडघेराची पट्टी आणि सरावलेला हात

अंगणवाडीत सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाच्या डाव्या दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषित, म्हणजे सेविकांच्या बोलण्यातले 'सॅम', आणि 11.5 ते 12.5 च्या दरम्यान भरला, तर मध्यम कुपोषित, म्हणजे 'मॅम'. मात्र पट्टी खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर बसावी लागते. ती जास्त आवळली की कातडीला चुणी पडून आकडा खाली येतो, आणि सैल राहिली की उपचारांची गरज असलेले मूल यादीतून सुटते. लांबीचेही तसेच आहे. दोन वर्षांखालील मूल आडवे ठेवून मोजतात. रडताना त्याने गुडघे वर घेतले, तर ते आहे त्याहून खुजे ठरते.

हे कसब सभागृहातल्या भाषणाने येत नाही. त्यासाठी एक कसोटी आहे: प्रत्येक सेविकेने तीच दहा मुले, आपला आधीचा आकडा न पाहता, दोनदा मोजायची. तिचे दोन आकडे एकमेकांशी जुळले, तर हात स्थिर आहे. प्रशिक्षकाच्या आकड्यांशी जुळले, तर मापही बरोबर आहे. ही कसोटी प्रत्येक बीटमध्ये, म्हणजे एका पर्यवेक्षिकेकडच्या अंगणवाड्यांच्या गटात, दरवर्षी व्हायला हवी, असे मला मनापासून वाटते.

मराठवाड्याला हा विषय नवा नाही. राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन 2005 मध्ये औरंगाबादेतच सुरू झाले. राज्यातील दोन वर्षांखालील खुज्या मुलांचे प्रमाण 2005-06 मध्ये सुमारे 39 टक्के होते, ते 2012 च्या सर्वेक्षणात सुमारे 23 टक्क्यांवर आले. त्याचे श्रेय एकाच योजनेला देता येणार नाही.

मोजण्याइतकेच कठीण काम आहे ते आईशी बोलण्याचे. 'बाळाला पौष्टिक खाऊ घाला' या वाक्याने काहीच बदलत नाही. प्रशिक्षित सेविका आधी विचारते, 'काल बाळाला काय दिलंत, किती वाट्या?' उत्तर 'वरणाचं पाणी' असे आले, तर ती त्याच वरणात ज्वारीची भाकरी कुस्करून, वर चमचाभर तेल घालून, चमच्यावरून ओघळणार नाही इतका घट्ट घास आईच्याच हातून करवून घेते.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे गाव सोडतात आणि मूल कित्येक महिने दुसऱ्याच जिल्ह्यात राहते. तिथल्या सेविकेने घेतलेले माप गावातल्या मापाशी ताडून मुलाची वाढ थांबली की नाही हे ठरवायचे, तर दोघींचा हात एकाच पद्धतीने सरावलेला असावा लागतो.