साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क : बोटीवर सात रात्री करायचं काय?

अमेरिकेत मुलांकडे जाताना एकदा तरी बोटीने जायचं, असं ठरवलेल्या आमच्या ग्राहकांसाठी हे पत्रक. व्हिसा, विमा, सामान यांचे कागद तुम्हाला वेगळे दिलेच आहेत. आमच्या ऑफिसात आलेल्या जोडप्यातलं एक जण दुसऱ्याकडे बघत हमखास विचारतं, "आठवडाभर नुसतं पाणीच बघायचं का?" त्याचं उत्तर इथे देतो.

हो, पाणीच. साउदॅम्प्टन सुटलं की थेट न्यूयॉर्क, मध्ये बंदर नाही. रोज एक नवं गाव उरकायची सवय असलेल्यांना आम्ही ही सहल सुचवत नाही. बोटीवर बघण्यासारखं म्हणजे माणसं. कुनार्ड कंपनीच्या क्वीन मेरी २ वर अडीच हजारांच्या आसपास प्रवासी असतात आणि त्यांनाही कुठे जायचं नसतं. ओळखी व्हायला याहून चांगली जागा नाही, फक्त पहिलं पाऊल तुम्ही टाकायचं.

त्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जेवणाचं टेबल. ब्रिटानिया रेस्टॉरंटमध्ये रात्री दोन पंगती असतात, सहाच्या सुमारास आणि साडेआठच्या सुमारास. एकाच टेबलावर तीच माणसं रोज. बुकिंगच्या वेळी 'दोघांचं टेबल' किंवा 'मोठं टेबल' असं निवडता येतं. एका जोडप्याला आम्ही मोठ्या प्रेमाने दोघांचं टेबल घेऊन दिलं होतं. चौथ्या दिवशी त्यांचा मेसेज आला, "इथेही आम्ही दोघंच, घरीही दोघंच!" चूक आमची. तेव्हापासून आम्ही सहा-आठ जणांचं टेबल मागतो. नाहीच जमलं कुणाशी, तर मॅनेजरला हळूच सांगून टेबल बदलून मिळू शकतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही, फक्त ते पहिल्या दोन दिवसांत सांगा. शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच कळवा, आणि अंडं चालतं की नाही ते वेगळं लिहा, कारण त्यांच्या 'व्हेजिटेरियन'मध्ये अंडं बसतं.

इंग्रजीचं दडपण घेऊ नका. पहिला प्रश्न ठरलेला असतो : कुठून आलात, बोटीने पहिल्यांदाच का? त्यावर "मुलगी न्यू जर्सीला असते" एवढं म्हणालात की समोरची आजी तिच्या नातवंडांचे फोटो काढते. पुढचं आपोआप होतं.

रोज केबिनमध्ये छापील कार्यक्रम येतो. तो बघून घाबरायला होतं. व्याख्यानं, ब्रिज, नाचाचे वर्ग, प्रवाशांचा गायनवृंद, तारांगण (हो, बोटीवर तारांगण आहे), सिनेमा, रात्री नाट्यगृहात खेळ. सगळं करायला गेलात तर थकाल. आमचा सल्ला : रोज ठरलेल्या वेळी त्याच एका ठिकाणी जा. गोल्डन लायन पबमध्ये प्रश्नमंजूषा होते. दारू प्यायलीच पाहिजे असं नाही. पाच-सहा जणांचे गट असतात, कमी असलेल्या गटात "बसू का?" विचारून बसायचं. ब्रिटिश टीव्हीवरच्या प्रश्नांना आपण गप्प. पण क्रिकेट किंवा नद्या-राजधान्या आल्या की तुमचा भाव वधारतो, आणि दुसऱ्या दिवशी ते लोक तुमची खुर्ची धरून ठेवतात.

दुपारचा चहा क्वीन्स रूममध्ये. पांढरे हातमोजे घातलेले वाढपी, स्कोन (छोटे, पावासारखे केक), त्यावर साय आणि जॅम. चहा आपल्याला फिका वाटेल. एकदा तरी जाच. याच दालनात रात्री बॉलरूम नृत्य असतं. एकट्या आलेल्या महिलांसाठी कंपनीने नेमलेले, नाच येणारे गृहस्थ जोडीदार म्हणून हजर असतात. ते सगळ्यांबरोबर नाचतात, त्याचा वेगळा अर्थ काढू नये. एकट्या प्रवाशांसाठी सकाळी कॉफीची बैठकही असते, कार्यक्रमात शोधा.

कपड्यांचं फार विचारलं जातं. संध्याकाळी सहानंतर नीटनेटकं, आणि प्रवासात साधारण दोन रात्री खास पोशाखाच्या. पुरुषांना बंदगळा छान दिसतो. बायकांनी गाऊन विकत घेऊ नये, पैठणी न्या. पैठणी नेसून जिन्यावरून उतरलात की ओळख करून घ्यायला लोक तुमच्याकडे येतात, हे आम्हाला एकीने नाही, अनेकींनी सांगितलंय. डेकवर मात्र जुलैतही वारा बोचतो. स्वेटर हवाच, माकडटोपी घातलीत तरी कुणी हसणार नाही. सातव्या मजल्यावरच्या डेकवर तीन फेऱ्या म्हणजे पावणेदोन किलोमीटरच्या वर. सकाळी फिरणाऱ्यांची तिथे पर्वतीसारखीच एक टोळी जमते.

घड्याळ पाच वेळा एकेक तास मागे जातं. म्हणजे पाच दिवस २५ तासांचे! विमानासारखा जेट लॅग नाही, पण पहाटे चारला टक्क जाग येईल. वाचनालयातून आदल्या दिवशीच पुस्तक आणून ठेवा. दुपारी बाराला भोंगा वाजतो आणि कप्तान बोट कुठे पोचली ते सांगतो. त्या भोंग्यांपैकी एक १९३० च्या दशकातल्या मूळ क्वीन मेरीवरचा आहे. डेकवर भोंग्याच्या अगदी खाली उभे राहू नका, छाती हादरते.

कर्मचाऱ्यांत गोव्याचे तारवटी भेटण्याची शक्यता चांगली असते. मराठी-कोकणी ऐकून त्यांना आनंद होतो, पण ते ड्यूटीवर असतात. ताटकळत ठेवू नका. इंटरनेटला वेगळे पैसे पडतात. रोजचा व्हिडिओ कॉल होणार नाही हे मुलांना आधीच सांगा.

शेवटच्या पहाटे गजर लावा. बोट न्यूयॉर्कच्या व्हेराझानो पुलाखालून जाते तेव्हा धुराडं पुलाला घासणार असंच वाटतं. ते मुद्दाम त्या पुलाखालून जाईल एवढंच उंच बांधलंय. सगळं टेबल डेकवर भेटायचं, असं आदल्या रात्रीच ठरवून ठेवा आणि फोन नंबरही तेव्हाच घ्या, कारण उतरताना प्रत्येकाची वेळ वेगळी असते. आणि मुलांना पत्ता नीट कळवा : घ्यायला ब्रुकलिनच्या रेड हुकला यायचं, मॅनहॅटनच्या धक्क्यावर नाही.