मध्यक कौटुंबिक उत्पन्न, ग्रामीण काउंटीतील (अमेरिका)

काउंटीतल्या (काउंटी म्हणजे राज्याचा आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) सगळ्या कुटुंबांची वार्षिक उत्पन्ने चढत्या क्रमाने मांडली की बरोबर मधोमध येणारा आकडा म्हणजे मध्यक कौटुंबिक उत्पन्न. पाच घरांची वस्ती घ्या. उत्पन्ने ३०, ३८, ४५, ६० आणि ९०० हजार डॉलर. सरासरी दोन लाखांच्या वर जाते, पण तेवढे कमावणारे घर एकच. मध्यक मात्र ४५ हजार. आता प्रत्येकी ११० हजार कमावणारी दोन घरे बाहेरून राहायला आली, तर मध्यक ६० हजारांवर जातो. जुन्या पाचांपैकी कोणाच्याही खिशात एक डॉलर वाढलेला नसतो. ग्रामीण काउंटीची उत्पन्नमालिका वाचताना हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवलेले बरे.

‘कुटुंब’ हा शब्दही जपून घ्यावा लागतो. भारतीय जनगणना एका स्वयंपाकघरातून जेवणाऱ्यांना एक कुटुंब धरते. अमेरिकेत एका निवासात राहणारे सगळे एकत्र मोजले जातात, नाते असो वा नसो. वसतिगृहे, तुरुंग, कामगार-छावण्या यांतील माणसे या हिशेबातून बाहेर राहतात. उत्पन्नात पगार, व्याज, घरभाडे, रॉयल्टी, पेन्शन आणि शेतीचा निव्वळ नफा येतो. शेतीत खोट बसली तर हा आकडा उणेही असतो. जमीन विकून झालेला भांडवली नफा आणि अन्नसाहाय्याची कुपने धरली जात नाहीत.

अमेरिकी जनगणनेत उत्पन्नाचा प्रश्न प्रथम १९४० साली आला. पुढे दर दहा वर्षांनी, निवडक घरांना (२००० साली साधारण सहांतल्या एकाला) दिल्या जाणाऱ्या लांब प्रश्नावलीतून ही माहिती गोळा होई. २००० नंतर ती प्रश्नावली बंद झाली आणि २००५ पासून ‘अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे’ पूर्ण प्रमाणावर सुरू झाला. पण त्याचे एका वर्षाचे आकडे फक्त ६५ हजार किंवा अधिक लोकसंख्येच्या भागांसाठीच निघतात. बहुतेक ग्रामीण काउंट्या त्याहून कितीतरी लहान. त्यांच्या वाट्याला पाच वर्षांच्या मुलाखती एकत्र करून काढलेला आकडा येतो, त्यामुळे लागोपाठचे दोन आकडे चार वर्षांच्या त्याच मुलाखतींवर उभे असतात. त्यांची वजाबाकी करून ‘यंदा इतकी वाढ’ म्हणणे चूक.

दरवर्षीचा आकडा हवा असेल, तर जनगणना ब्यूरोचा ‘स्मॉल एरिया इन्कम अँड पॉव्हर्टी एस्टिमेट्स’ (एसएआयपीई), म्हणजे लहान भागांच्या उत्पन्नाचे आणि गरिबीचे अंदाज काढणारा कार्यक्रम कामाला येतो. गरीब मुलांच्या शाळांना केंद्राचा निधी वाटायचा, तर दहा वर्षे जुने आकडे कसे चालतील, या निकडीतून तो १९९०च्या दशकात उभा राहिला. त्याचा आकडा निव्वळ मोजणीतून येत नाही. आयकर विवरणपत्रांसारख्या सरकारी नोंदी आणि आधीची जनगणना किंवा पाच वर्षांचा आकडा यांवरून गणिती प्रारूप ‘इथे मध्यक साधारण इतका असावा’ असे सांगते. मग त्याची सांगड प्रत्यक्ष सर्वेक्षणाशी घातली जाते. जिथे पुरेशी घरे सापडली तिथे सर्वेक्षणाचे वजन जास्त. जिथे मोजकीच उत्तरे आली तिथे प्रारूपाचे. या पद्धतीचे मूळ फे आणि हेरियट या संख्याशास्त्रज्ञांच्या १९७९ सालच्या, लहान गावांच्या उत्पन्नावरील कामात आहे. म्हणून या आकड्याला ‘अंदाज’ म्हणतात आणि सोबत ९० टक्के विश्वासाची खालची-वरची मर्यादा, म्हणजे खरा आकडा ज्यांच्या दरम्यान असावा असे दोन आकडे, छापतात. उद्धृत करणारे ती सहसा गाळतात.

उत्तर डकोटातील मॅकेन्झी काउंटी हे बोलके उदाहरण. २०१० साली लोकसंख्या ६,३६०. बाकेन खडकातल्या तेलामुळे २०२० साली १४,७०४. तिथल्या वॉटफर्ड सिटी या गावात घर करून राहिलेला तेलकामगार मध्यकात मोजला जातो. तोच छावणीत राहिला, तर नाही. खनिजहक्क ज्यांच्याकडे होते त्या शेतकऱ्यांना रॉयल्टी मिळाली. जमीन आपली पण खाली दडलेले तेल दुसऱ्याचे, अशीही घरे तिथे आहेत. ती कोरडीच राहिली. २०१४च्या उत्तरार्धात तेलाचा भाव कोसळला, पण पाच वर्षांच्या आकड्यात तेजीची वर्षे मिसळलेली असल्याने ती घसरण उशिरा आणि बोथट होऊन उतरते.

मालिका जोडताना आणखी काही सांधे सांभाळावे लागतात. एसएआयपीईचे आकडे त्या-त्या वर्षीच्या डॉलरमध्ये असतात. ग्राहक किंमत निर्देशांकाने एका पातळीवर आणल्याशिवाय १९९८ आणि २०२० यांची तुलना होत नाही. २००५ साली मूळ सर्वेक्षणच बदलले, म्हणून २००४ ते २००५ ही उडी काही अंशी पद्धतीची आहे. महाराष्ट्राच्या आर्थिक पाहणीतले दरडोई जिल्हा उत्पन्न याच्या शेजारी ठेवण्याचा मोह होतो, पण ती सरासरी आहे आणि जिल्ह्यात झालेल्या उत्पादनावरून काढलेली. एका मोठ्या कारखान्याने ती फुगते.

आणि कधी कधी काउंटीचे नावच बदलते. दक्षिण डकोटातील शॅनन काउंटी २०१५ पासून ओग्लाला लकोटा काउंटी झाली, तिचा सांकेतिक क्रमांक ४६११३ वरून ४६१०२ झाला. जुन्या क्रमांकाने शोधणाऱ्याला तिची मालिका मध्येच तुटलेली दिसते.