पॅरिसच्या टांकसाळीपासून द्राक्षबागेपर्यंत: विरलीकरणाच्या हिशेबाची पार्श्वभूमी

गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळांसाठीच्या छाटणीनंतर, निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत जीएची, म्हणजे जिबरेलिक ॲसिड या वाढीच्या संप्रेरकाची, तयारी सुरू होते. ही पावडर पाण्यात सहज विरघळत नाही. म्हणून 1 ग्रॅम पावडर थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून पाण्याने एकूण 1 लिटर करतात. हे झाले 1000 पीपीएमचे (दशलक्ष भागांत 1000 भाग) मूळ द्रावण. त्यातले 5 लिटर घेऊन ब्लोअरच्या (फवारणी यंत्राच्या) टाकीत एकूण 500 लिटर केले की 10 पीपीएम मिळते. पाणी वाढले तरी औषध तेवढेच राहते, म्हणून तीव्रता गुणिले आकारमान हा गुणाकार आधी आणि नंतर सारखाच येतो.

हा हिशेब काटेकोरपणे वापरला गेला तो चांदीसाठी. पूर्वी पॅरिसच्या टांकसाळीत चांदीचा कस भट्टीत तापवून पाहत आणि त्यात चांदी प्रत्यक्षापेक्षा कमी भरे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसॅक यांनी 1832 मध्ये त्यावर उपाय प्रसिद्ध केला. त्यांनी मिठाचे असे द्रावण बनवले की त्याच्या 100 मिलिलिटरने बरोबर 1 ग्रॅम चांदी साक्याच्या (न विरघळणाऱ्या गाळाच्या) रूपात खाली बसावी. पण शेवटची मिलिग्रॅमभर चांदी मोजायला ते फार तीव्र पडे. मग त्यांनी तेच द्रावण दहापट विरल केले. आता 1 मिलिलिटर म्हणजे 1 मिलिग्रॅम चांदी. मूळ द्रावण एकदाच नेमके तोलायचे, पुढचे सारे मापाने करायचे, ही युक्ती मला विलक्षण वाटते. आपले बागाईतदार आजही तेच करतात.

मोरचूद आणि चुन्यापासून बनणाऱ्या बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकाची कथा वेगळी. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी 1885 मध्ये द्राक्षाच्या केवडा रोगावर सांगितलेल्या कृतीत 8 किलो मोरचूद 100 लिटर पाण्यात आणि 15 किलो चुना 30 लिटरमध्ये होता. म्हणजे मोरचूद सुमारे 6 टक्के. आज 1 टक्का पुरतो: 100 लिटरला 1 किलो.

जीए जपानी संशोधनातून आले. कुरोसावा यांनी 1926 मध्ये भाताची रोपे अवाजवी उंच वाढवणाऱ्या बुरशीच्या स्रावाचा परिणाम दाखवला आणि 1935 मध्ये याबुता यांनी त्या द्रव्याला जिबरेलिन नाव दिले. ते इतक्या कमी मात्रेत काम करते की टक्क्यांची भाषा अपुरी पडते.

मणी फुगवण्यासाठी घड बुडवताना 40 पीपीएम हवे असेल, तर 40 मिलिलिटर मूळ द्रावण घेऊन पाण्याने एकूण 1 लिटर करावे. 40 मिलिलिटरवर आणखी 1 लिटर पाणी ओतले तर 38.5 पीपीएमच उरते.