मेदिची घराण्याची व्यक्तिचित्रे

फ्लॉरेन्सवर सत्ता गाजवणाऱ्या मेदिची घराण्यातील स्त्री-पुरुषांची पंधराव्या-सोळाव्या शतकांतील चित्रे. इटलीतील प्रबोधनकालीन व्यक्तिचित्रणाचा विचार त्यांच्याशिवाय पुरा होत नाही.

मेदिची मूळचे पेढीवाले. फ्लॉरेन्स नावाला प्रजासत्ताक असल्याने त्यांची सत्ता पडद्याआडून चाले. त्यामुळे आरंभी त्यांचे चेहरे धार्मिक चित्रांत डोकावतात. चित्रकार बोत्तिचेल्लीच्या ‘मागींचे पूजन’ (सु. १४७५; मागी म्हणजे बाळ येशूच्या दर्शनाला आलेले पूर्वेकडचे ज्ञानी पुरुष) या चित्रात बाळ येशूपुढे गुडघे टेकलेला वृद्ध म्हणजे घराण्याच्या सत्तेचा पाया घालणारा थोरला कोझिमो, तो १४६४ मध्येच वारला होता. पुढे चित्रकार पोंतोर्मोने (सु. १५१९) याच कोझिमोचे स्वतंत्र चित्र काढले. त्याच्या शेजारी लॉरेलची एक फांदी तुटलेली आहे आणि दुसरी पालवते आहे. घराण्याची थोरली शाखा खुंटत असताना काढलेल्या या चित्रात वंश टिकण्याची आस उघड दिसते.

१५३७ मध्ये ड्यूक आलेस्सांद्रोचा खून झाला आणि धाकट्या शाखेतला, त्याच नावाचा सतरा वर्षांचा कोझिमो गादीवर आला. आपला हक्क लोकांच्या मनावर ठसवणे त्याला भाग होते. हे काम चित्रकार ब्रॉन्झिनोच्या कुंचल्याने केले. त्याने रंगवलेल्या चिलखतातील कोझिमोच्या अनेक प्रती निघाल्या. पण ब्रॉन्झिनोचे सामर्थ्य खरे दिसते ते कोझिमोची पत्नी डचेस एलेओनोरा हिच्या चित्रात (सु. १५४५). नेपल्सच्या स्पॅनिश व्हाइसरॉयची ही मुलगी आपला लहानगा मुलगा जोव्हान्नी याला शेजारी घेऊन बसली आहे. पांढऱ्या वस्त्रावरची काळी वेलबुट्टी आणि सोनेरी डाळिंबे इतक्या बारकाईने रंगवली आहेत की कापडाचा जाडपणाही जाणवतो. चेहऱ्यावर मात्र भावनेची रेघही नाही. हा थंडपणा ब्रॉन्झिनोची उणीव मानणे चूक आहे. राज्यकर्त्यांना कुणाच्याही आवाक्याबाहेरचे दाखवण्यासाठी तो मुद्दाम आणला आहे.

कोझिमोची अनौरस मुलगी बिया हिचे चित्र मात्र मन हलवते. ती १५४२ मध्ये लहानपणीच वारली. गळ्यातल्या पदकावर वडिलांची मुद्रा आहे. एलेओनोरा आणि जोव्हान्नी १५६२ मध्ये हिवतापाने दगावले.

घराण्याची अखेरची वारस आन्ना मारिया लुइझा हिने १७३७ च्या करारात अट घातली की हा कलासंग्रह फ्लॉरेन्सबाहेर जाऊ नये. म्हणूनच बिया, एलेओनोरा आणि थोरला कोझिमो आजही त्या शहरातल्या उफ्फीझी संग्रहालयात आहेत.