कडकनाथ सावकाश का वाढतो?

इंदूरला रविवारी सकाळी चिकनच्या दुकानात उभं राहिलं, की कुणी ना कुणी म्हणतंच, ‘ब्रॉयलर नको, त्याला हार्मोनची इंजेक्शनं देतात.’ मग झाबुआच्या कडकनाथची, म्हणजे काळ्या मांसाच्या देशी कोंबडीची, चौकशी होते आणि भाव ऐकून बरेच जण मुकाट्यानं ब्रॉयलरच घेतात. हे हार्मोनचं भूत आधी उतरवायला हवं, कारण त्यापायी कडकनाथ महाग का, हा साधा प्रश्नही कुणी विचारत नाही.

वाढीचं हार्मोन प्रत्येक कोंबडीच्या अंगात असतंच. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी ते बनवते. ते प्रथिन आहे, १९१ अमिनो आम्लांची साखळी. दाण्यातून दिलं तर पोटात पचून जाईल. टोचावं म्हटलं तर रक्तात ते थोडाच वेळ टिकतं. हजारो पक्षी पुन्हा पुन्हा धरायचे कुणी? आणि प्रयोगांमध्ये बाहेरून टोचूनही कोंबड्यांच्या वाढीत म्हणावा तसा फरक पडलेला नाही.

उलट, सावकाश वाढणाऱ्या कोंबड्यांच्या रक्तात हे हार्मोन ब्रॉयलरपेक्षा जास्त आढळलं आहे! नुसतं हार्मोन असून भागत नाही. यकृताच्या पेशींवरच्या रिसेप्टरला, म्हणजे हार्मोन पकडणाऱ्या प्रथिनाला, ते चिकटलं, की यकृत आयजीएफ-१ नावाचं दुसरं प्रथिन सोडतं आणि त्यातून हाडं-स्नायूंना चालना मिळते. काही बुटक्या कोंबड्यांमध्ये जनुकीय दोषामुळे हा रिसेप्टरच बिघडलेला असतो. रक्तात हार्मोन भरपूर, पक्षी मात्र खुजाच.

मग ब्रॉयलर एवढा फोफावतो कसा? पिढ्यान् पिढ्या केलेल्या निवडीमुळे. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात १९५७, १९७८ आणि २००५ सालचे वाण एकाच खाद्यावर वाढवले. ५६ व्या दिवशी त्यांची वजनं भरली ९०५, १८०८ आणि ४२०२ ग्रॅम. खाद्य तेच होतं, वाण बदलला होता.

आता दाण्याचा हिशेब. ब्रॉयलर किलोभर वजनासाठी पावणेदोन किलोच्या आसपास दाणा खातो आणि सहा आठवड्यांच्या आत दोन किलोंचा होतो. कडकनाथला किलो-सव्वा किलो व्हायला पाचेक महिने लागतात. वाढ होवो न होवो, अंग ऊबदार ठेवायला, श्वासाला, हिंडायला रोज दाणा लागतोच, घरभाड्यासारखा. कडकनाथ हे भाडं कितीतरी जास्त दिवस भरतो, म्हणून किलोमागे ब्रॉयलरच्या दुपटीहून अधिक दाणा लागतो. भाव चढतो तो इथे.

ब्रॉयलरबद्दल शंका घ्यायचीच, तर अँटिबायोटिक्सची घ्यावी. कोलिस्टिन हे माणसांसाठी शेवटचा आधार असलेलं औषध कोंबड्यांना वाढीसाठी दिलं जात होतं; भारतानं २०१९ मध्ये त्यावर बंदी घातली. दुकानदाराला विचारायचं ते हे.

झाबुआ-अलिराजपूरच्या भिल्ल पाड्यांत मात्र हा हिशेब पार बदलतो. तिथे कडकनाथ मोकळा फिरतो. वाळवी, किडे, खळ्यात सांडलेले दाणे वेचतो. विकतचा दाणा त्याला जेमतेम लागतो, त्यामुळे पाच महिने लागले तरी घरच्यांना तोशीस पडत नाही. २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळालं, मागणी वाढली आणि तोच पक्षी शेडमध्ये, पोत्यातल्या दाण्यावर पाळला जाऊ लागला. त्याच्या अंगचा काटकपणा तिथे फारसा कामी येत नाही आणि पाच महिन्यांचं बिल मात्र पूर्ण भरावं लागतं.