लोअरिंग स्प्रिंग

मोटारीच्या मूळ स्प्रिंगा काढून त्यांच्या जागी आखूड आणि अधिक ताठ स्प्रिंगा बसवल्या, की गाडी साधारणपणे २५ ते ४० मिमी खाली येते; या फेरबदलास ‘लोअरिंग’ म्हणतात. गुरुत्वमध्य खाली आल्याने वळणावर गाडी कमी कलते, हा त्याचा खरा लाभ. मात्र बहुतेकांना टायर आणि मडगार्ड यांमधली फट मिटलेली पाहण्याचीच हौस अधिक असते.

स्प्रिंग आखूड झाली की तिला दबायला जागा कमी उरते, म्हणून ती ताठ करावीच लागते. ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. वेटोळ्यांचा व्यास आणि संख्या तीच ठेवून तार १० टक्के जाड घेतली, तर स्प्रिंग जवळजवळ दीडपट ताठ होते. वेटोळी कमी केली तरी ताठपणा वाढतो, परंतु गॅस कटरने मूळ स्प्रिंगेचेच वेटोळे कापण्याचा स्वस्त मार्ग घातक आहे. उष्णतेने पोलादाचे पाणी उतरते (वखराच्या पासेला पाणी देणाऱ्या लोहाराला हे वेगळे सांगावे लागत नाही), कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही आणि चाक खड्ड्यात लोंबले की स्प्रिंग जागा सोडू शकते. तयार स्प्रिंगा बसवल्या तरी मूळ शॉकअपला वाढलेली उसळी आवरत नाही. शिवाय चाकांचे अलाइनमेंट (कोन जुळवणे) नव्याने केले नाही, तर टायर आतल्या कडेने झिजतात.

ग्रामीण विदर्भात या फेरबदलाची खरी किंमत उंचीपेक्षा चाकाच्या खाली-वर चालीत मोजावी लागते. कपाशीची काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यावरचा डांबरी रस्ताही लाटांसारखा होतो आणि चाकाला तीच चाल हवी असते. मागच्या बाजूस ढेपेची दोन पोती टाकली, की उरलीसुरली चालही संपून सस्पेन्शन रबरी ठोकळ्यावर आदळते. पांदणीत ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खोल जातात आणि मधला वरंबा थेट इंजिनाच्या चेंबरला, म्हणजे तेलाच्या तळपात्राला, घासतो. चेंबर फुटून तेल गळले आणि गाडी तशीच रेटली, तर इंजिन जाम होते.

गतिरोधकांचा हिशेब थोडा वेगळा आहे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकातील गतिरोधक १० सेंमी उंच, पण रस्त्याच्या दिशेने ३.७ मी. रुंद असतो, लहान मोटारीची चारही चाके त्यावर एकाच वेळी मावतात, म्हणून पोटाखालची जागा फारशी घटत नाही. गावाच्या वेशीवर मुरूम-डांबराचा जो हातभर रुंद उंचवटा घातलेला असतो, तो मात्र पुढच्या व मागच्या चाकांच्या मधोमध पूर्ण उंचीने पोटाखाली येतो. वर्धा, अमरावती, वाशिम आणि बुलडाणा जिल्ह्यांतून जाणाऱ्या ७०१ किमी लांबीच्या समृद्धी महामार्गावर अशी गाडी शोभते खरी, पण महामार्गाच्या प्रवेशमार्गापर्यंत गावरस्त्यानेच यावे लागते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. नियमबाह्य फेरबदलासाठी २०१९ च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२-अ मध्ये मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. त्यामुळे काढलेल्या मूळ स्प्रिंगा भंगारात न देता तेलाचा हात फिरवून कोरड्या जागी ठेवाव्यात. पंधरा वर्षांनी पुनर्नोंदणीच्या तपासणीस गाडी न्यायची झाल्यास त्याच परत बसवाव्या लागतात.